कोल्हापूरची स्वस्ताई आणि साळव्यांचे नाव

कोल्हापुरात गरीब माणसानेही चार दिवस राजासारखे राहावे, असे पुण्यात म्हणतात. मी जाऊन आलो. म्हणतात ते खरे आहे. राहायला फुकट, पाहायला फुकट, आणि पुण्यात एका वेळच्या खाणावळीला जे पडते त्यात इथे अख्खा दिवस निघतो. हा मजकूर वाचून कुणी गाडीत बसणार असेल तर त्याला कुठे काय मिळते ते पुढे सापडेल. मात्र या स्वस्ताईला एक अट आहे आणि ती कोणत्याही पाटीवर लिहिलेली नाही. ती मोडली की काय होते, तेही लिहिणे भाग आहे. कारण जे झाले त्याची सुरुवात माझ्या हातून झाली.

आम्ही दोघे होतो. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. सोबत आमच्या छापखान्यातले मुख्य जुळारी भिकाजी साळवे. जुळारी म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून छपाईची ओळ उभी करणारा माणूस. साळवे पंचेचाळिशीचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. कोल्हापूरच्या कुस्त्यांचे निकाल तारेने येतात, मी ते मराठीत उतरवतो आणि साळवे जुळवतात. मी कामाला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ते हे करत आहेत. कोणता पैलवान कोणत्या वस्तादाचा, कोण कुणाला कोणत्या डावावर पाडून गेला, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात त्यांनी खासबागेचे मैदान पाहिलेले नव्हते. "एकदा तो कुस्तीचा हौदा डोळ्यांनी बघायचा आहे," एवढेच ते म्हणत.

राज्यघटना लागू होऊन दोन वर्षे होत आली होती. त्या पौषात खासबागेत मोठ्या कुस्त्या ठरल्या. आम्ही दोघांनी रजा टाकली, वळकट्या बांधल्या आणि निघालो.

शाहूपुरी, पहिला दिवस

सकाळी स्टेशनाबाहेर एका टांगेवाल्याने आमच्या वळकट्या न विचारता टांग्यात टाकल्या आणि मग विचारले, "कुणापैकी पावणं?"

हा प्रश्न या मुलखात नावागावाच्याही आधी येतो. कुणापैकी, म्हणजे कोणत्या घराण्यातले, कुणाच्या गोतातले. विचारणाऱ्याच्या सुरात खोच नसते. त्याला ओळख काढायची असते. पुण्यात पत्ता विचारला तर समोरचा आधी तुमच्याकडे आणि मग स्वतःच्या घड्याळाकडे पाहतो. इथे टांगेवाला घोडा थोपवून तुमचे नाते शोधत बसतो.

"पवार," मी म्हणालो. "नगरकडचे."

"आँ! आमच्या मेव्हण्याची सासुरवाडी पवारांचीच हाय की! मग त्या लॉजात कशाला पैसं घालवतायसा? चला, धर्मशाळंत सोडतो. दिवाणजी आपल्या वळखीचं हैत."

"आणि टांग्याचे?"

"आता पावण्याकडनं घिऊ व्हय? च्या पाजा, मिटलं."

साळवे मागच्या बाजूला, घोड्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना कुणी काही विचारले नाही.

धर्मशाळा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. एका व्यापाऱ्याने वडिलांच्या स्मरणार्थ बांधली. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार एकाच इमारतीपुरता आहे असे मला वाटत नाही. दारावर पाटी होती: 'सर्व हिंदू प्रवाशांस विनामूल्य. मुक्काम तीन दिवस. कारणपरत्वे वाढवून मिळेल.' आत फरसबंद चौक, चौकात आड, तीन बाजूंना खोल्या. सकाळी बंबाचे ऊन पाणी, दुपारी एक वेळची पंगत. पितळेचे तांबे लख्ख घासलेले. पुण्यात असली जागा पैसे देऊनही मिळणे कठीण.

दिवाणजी म्हणजे तिथले व्यवस्थापक. काळी टोपी, दोऱ्याने बांधलेला चष्मा. टांगेवाल्याने दारातूनच ओरडून सांगितले, "दिवाणजी, आपलीच माणसं हैत, पवार!" दिवाणजींनी नोंदवही, दौत आणि टाक माझ्याकडे सरकवला. "तुमीच लिवा. मला चष्म्यातनं बी कमीच दिसतंय."

वहीला रकाने होते: नाव, गाव, जात, खोली, शेरा.

साळवे अजून बाहेर वळकट्या उतरवत होते. मी माझी ओळ लिहिली आणि दुसऱ्या ओळीवर थांबलो. दारावरच्या पाटीत 'सर्व' होते आणि वहीत जातीचा रकाना होता. दोन्ही एकाच धर्मशाळेचे. साळव्यांची जात महार. खरे लिहिले असते तर एक तर खोली मिळाली असती, किंवा लॉजात जावे लागले असते, आणि लॉजात गेलो असतो तर कुस्त्यांच्या तिकिटापुरते उरले नसते. पाटी खरी की रकाना खरा, हे पडताळून पाहणे माझ्या धंद्यात रोजचे काम आहे. मी पडताळले नाही. लिहिले: भिकाजी पवार, थोरले बंधू. गावाच्या आणि जातीच्या रकान्यात: वरीलप्रमाणे.

खोलीत गेल्यावर मी हे साळव्यांना सांगितले. काहीतरी हुशारी केल्यासारखे सांगितले, हे आता कबूल केले पाहिजे.

"नाव काय लिहिलंत?" त्यांनी विचारले.

"भिकाजीच ठेवलंय. माझे थोरले भाऊ."

"आडनाव?"

मी सांगितले. ते वळकटीची दोरी सोडत होते. त्यांनी गाठ सोडली. मग म्हणाले, "तीन दिवसांचा प्रश्न आहे. चालवू."

पान यंत्रावर चढल्यानंतर एखादी चूक सापडली की साळवे हाच शब्द वापरतात.

गंगावेस

दुपारी पंगतीला वरणभात, वांग्याची भाजी आणि गुळाचा खडा. गुळाचा खडा इथे मिठासारखा न मागता पानात पडतो. नंतर अंबाबाईचे देऊळ पाहिले. देवळे कायद्याने सर्वांना खुली झाली आहेत. दारात कुणी काही विचारले नाही. खांबांच्या गर्दीतून गाभाऱ्यापर्यंत अंधार इतका थंड आहे की बाहेर आल्यावर ऊन अंगाला लागते. साळवे देवीसमोर थोडा वेळ हात न जोडता उभे राहिले आणि मग खांबांवरचे कोरीवकाम जवळ जाऊन पाहू लागले. "अक्षर खोदणाराचा हात वेगळा आणि मूर्ती खोदणाराचा वेगळा," म्हणाले.

तिथून चपलांच्या गल्लीतून फिरलो. पाहायला पैसे पडत नाहीत. कारागीर चप्पल वाकवून तिचा करकर आवाज कानाशी ऐकवतो, आणि घेतली नाही तरी रागावत नाही. संध्याकाळी रंकाळ्याच्या दगडी कठड्यावर ओल्या शेंगा खात बसलो. मग गंगावेशीत दूध प्यायला गेलो. इथे म्हशीच रस्त्यावर आणून उभ्या करतात. गवळी तुमच्यादेखत धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो.

"फेस फुकून टाकू नगासा," गवळी साळव्यांना म्हणाला. "खरी ताकत त्यातच हाय. पुन्यात मिळतंय काय असलं?"

"पुण्यात म्हैस दिसत नाही. दुधात फक्त पाणी दिसतं," साळवे म्हणाले. त्यांच्या मिशांना फेस लागला होता.

गवळी मांडीवर थाप मारून हसला. भोवतीची दोनचार माणसेही हसली. साळवे मोकळेपणाने हसताना मी प्रथमच पाहिले. मग तो प्रश्न आला, "कुणापैकी म्हनायचं, पावणं?"

साळव्यांच्या आधी मी उत्तर दिले. गवळ्याने खूश होऊन आमच्या दोघांच्या रिकाम्या पेल्यांत वर अर्धा अर्धा पेला घातला. साळव्यांनी आपला पेला माझ्यापुढे धरला.

"हा तुम्ही प्या. हा तुमच्या आडनावाचा आहे."

खासबाग, दुसरा दिवस

खासबागेचे मैदान गरीब प्रेक्षकाचा विचार करून बांधलेले आहे, असे म्हणायला हरकत नाही. जमिनीत मोठी गोल वाटी खोदावी तसा आकार, मध्यभागी लाल मातीचा हौदा. कुठल्याही कडेला बसा, पैलवानाचा घोटा दिसतो. आमच्याकडच्या नाटकगृहात शेवटच्या बाकावरच्या माणसाला पुढच्याची मान तेवढी दिसते. इथे सर्वांत स्वस्त जागेवरून आम्हाला तेच दिसले जे पुढच्या खुर्च्यांवरच्या बड्या लोकांना दिसले.

शेजारी मुरगूडचे एक शेतकरी बसले होते. साठीचे, डोक्याला गुलाबी फेटा. नाव दत्तोबा, पण सगळे त्यांना आबा म्हणत. तेही कुस्त्यांसाठीच आले होते आणि धर्मशाळेत आमच्या शेजारच्याच खोलीत उतरले होते. पंगतीत पाहिल्यामुळे त्यांनी आम्हाला हात करून जवळ बसवून घेतले.

तिसऱ्या की चौथ्या कुस्तीला दोघे पैलवान खडाखडी करत, एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेत होते. साळवे पुटपुटले, "हा पट काढणार नाही. मागच्या खेपेला मिरजेत पट काढायला गेला आणि फसला. आता ढाक लावील."

पैलवानाने ढाक लावली. समोरचा पाठीवर गेला. हलगी कडाडली.

आबा वळले. "ओ पावणं! तुमी वस्ताद हैसा काय?"

"नाही. मी खिळे जुळवतो."

"म्हंजी सुतार?"

"छापखान्यात. पेपरात कुस्त्यांचे निकाल येतात ना, ते."

"आयला! म्हंजी त्ये तुमी लिवतायसा?"

"लिहितात हे," साळव्यांनी माझ्याकडे बोट केले. "मी उभे करतो."

त्यानंतर आमच्या भोवतीच्या माणसांचे लक्ष हौद्याकडे निम्मे आणि साळव्यांकडे निम्मे. कोण कुठे जिंकला, किती मिनिटांत, कुठल्या डावावर, लोक विचारत होते आणि साळवे सांगत होते. एकाने मुद्दाम खोटा निकाल सांगून पाहिला. साळव्यांनी तो दुरुस्त केला. तो माणूस कान पकडून म्हणाला, "ह्यो पावना न्हवं, ही पोथी हाय पोथी!"

आबांनी गाठोडे सोडले. भाकरी, खर्डा, कांदा. त्यांनी एक भाकरी हाताने मोडली आणि अर्धी साळव्यांच्या हातावर ठेवली. दोघांनी एकाच फडक्यावरचा खर्डा खाल्ला. शेवटच्या कुस्तीला सगळे मैदान उभे राहिले. फेटे उडाले. साळवे ओरडत होते. छापखान्यातल्या यंत्रांच्या आवाजातही ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, ते साळवे उभे राहून ओरडत होते. हे मी येथे नोंदवून ठेवतो, कारण आमच्या प्रवासाचे प्रयोजन ते होते आणि ते पूर्ण झाले.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. आबांनी विचारले, "पोरंबाळं किती?"

"एक मुलगा," साळवे म्हणाले. "इंटरला आहे."

"इंटर म्हंजी मॅट्रिकच्या म्होरं?"

"पुढे. यंदा परीक्षा."

आबा सरसावून बसले. "आमची थोरली नात हाय. सातवी झाल्या. शिकल्यालं पोरगं बगतोय आमी दोन वरसं. तुमी नगरचं पवार म्हंजी घर चांगलंच असणार. देवक कंचं तुमचं?"

देवक म्हणजे लग्नाच्या वेळी घराण्याचे म्हणून जे झाड किंवा जी वस्तू पुजतात ते. देवक एकच निघाले तर सोयरीक होत नाही, म्हणून बोलणे तिथूनच सुरू होते. साळव्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आमच्या घराण्याचे देवक सांगितले.

"आमचं निराळं हाय! जुळतंय की मग!" आबांनी साळव्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी आमच्या चुलतभावाच्या गुऱ्हाळावर यायाचं. न्हाय म्हनायचं न्हाय. रस पिऊ आन् बोलू."

परतताना साळवे माझ्यापुढे चार पावले चालत होते. महाद्वार रस्त्यावर ते थांबले.

"माझं मी तीन दिवस चालवलं असतं," म्हणाले. "पोराचं आडनाव बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"उद्या दुपारी आपली गाडी आहे. आबा पुन्हा आयुष्यात भेटायचे नाहीत."

"म्हणजे उद्या दुपारपर्यंत माझा मुलगा तुमचा पुतण्या."

"साळवे, मी तुमच्यासाठीच..."

"खोली स्वस्त पडावी म्हणून लिहिलंत. माझ्यासाठी नव्हे. निदान ते तरी नीट सांगा."

ते पुन्हा चालू लागले, आणि मी त्यांच्या मागून.

पंचगंगेपलीकडे, तिसरा दिवस

पौषात पंचगंगेच्या काठाने गुऱ्हाळे लागलेली असतात. धूर लांबून दिसतो. बैल चरक ओढत गोल फिरतात, रस मोठ्या काहिलीत उकळतो, आणि खाली चुलवाणात सुकलेली चिपाडे सारत राहतात. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, अशी रीत आहे. वाटसरू असो, भिकारी असो. पैसे विचारले तर मालकाला अपमान वाटतो. कमी पैशांत कोल्हापूर पाहणाऱ्याला ही रीत मोठी सोयीची आहे, आणि गरम काकवीची चव मला पुण्याच्या कोणत्याही हलवायाकडे मिळालेली नाही.

गुऱ्हाळमालकांना बापू म्हणत. आबांनी दुरूनच हाळी दिली, "बापू, हे बग आमचं व्हनारं व्याही! पुन्याचं पवार!"

"मग रस कशापायी?" बापू ओरडले. "व्याह्याला काकवी वाडा! न्हायतर मांडवात फुगून बसायचं!"

सगळे हसले. पितळेच्या पेल्यांतून रस आला. साळव्यांनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पेला खाली ठेवला. मग म्हणाले,

"आबा, काल तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर चुकीचं गेलं. मी पवार नाही. भिकाजी साळवे. जातीनं महार. मुलाचं नावही साळवेच."

बैल फिरत राहिले.

"आदी सांगायचं न्हवतं का?" आबा म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर काल भाकरी मोडून दिली असतीत?"

आबांनी विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "न्हाय."

त्या आवाजात लाज नव्हती आणि ओशाळेपणाही नव्हता. मी अनेक पुढाऱ्यांची, अधिकाऱ्यांची निवेदने उतरवून घेतली आहेत. इतके सरळ उत्तर त्यांतल्या एकाने दिल्याचे आठवत नाही, आणि इतके भयंकरही. मग आबा माझ्याकडे वळले. त्यांचा राग साळव्यांवर नव्हता.

"तुमी आमच्यातलं. तुमाला सगळं म्हाईत हुतं. तुमी आमाला बाटवलंसा."

बापूंनी एक लांब काठी घेतली. तिच्या टोकाने साळव्यांचा पेला जमिनीवरून ढकलत चुलवाणाच्या तोंडाशी नेला आणि विस्तवात सरकवला. धातू अग्नीने शुद्ध होतो, असा शास्त्रार्थ आहे. माझाही पेला तिथेच होता. तो एका बाईने पाण्याने विसळून पालथा घातला. हे सर्व आम्ही दोघे तिथे उभे असताना झाले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. उलट निघताना रीत म्हणून गुळाचा एक खडा दिला, तो माझ्या हातात. साळव्यांच्या हातात दिला नाही.

मी स्वभावाने शांत आहे आणि बातमीत विशेषणे घालू नयेत असे मला शिकवले गेले आहे. म्हणून फक्त एवढेच विचारतो. काल ज्या हलगीच्या कडकडाटाने ते मैदान उठून उभे राहिले, ती वाजवणारा मैदान संपल्यावर कुठे उतरला? सबंध शहर ज्या चपला घालून करकर करत फिरते, त्या शिवणारा प्रवासाला निघाला तर धर्मशाळेच्या पाटीवरचा 'सर्व' त्याला लागू होतो का? भिकाऱ्यालाही रिकामे न पाठवणाऱ्या या लोकांना पितळेचा पेला जाळताना आपल्या रीतीला बट्टा लागतो असे वाटत नाही. त्यांना ती जपल्यासारखी वाटते.

तो गुळाचा खडा मी पुलावरून नदीत टाकला. साळवे म्हणाले, "गुळाचा काय दोष?"

पुन्हा शाहूपुरी

आम्ही पोहोचण्यापूर्वी आबा पोहोचले होते. आमच्या वळकट्या चौकात, आडापासून दूर, उघड्या फरशीवर ठेवलेल्या होत्या. खोलीपुढची ओसरी नुकतीच धुतलेली होती. दिवाणजी आपल्या मेजामागे उभे होते. आबा पायरीवर गाठोडे घेऊन मुरगूडच्या मोटारीची वाट पाहत बसले होते.

"खोली सोडा," दिवाणजी मला म्हणाले. "तुमी खोटी नोंद केलासा."

"पाटीवर 'सर्व हिंदू' लिहिलं आहे," मी म्हणालो.

"व्हय की. मी कुटं न्हाय म्हनतोय? जातीचं काय बी न्हाय बगा. कायदा झालाय, आमाला कळत न्हाय व्हय? पर खोटी नोंद खपायची न्हाय. उद्या ट्रस्टी इचारतील."

"मग ओसरी का धुतली?"

"आज ओसरी धुयाचा वार हाय."

राग होता, पण तो टाकायला जागा नव्हती. पहिल्याच सकाळी साळव्यांचे खरे नाव लिहिले असते, तर या माणसाला एक तर खोली द्यावी लागली असती, नाहीतर नकाराचे खरे कारण तोंडाने सांगावे लागले असते. मी त्याला ती अडचण येऊ दिली नाही. कुठल्याही कचेरीत टिकेल असे, कायद्यात बसणारे कारण मी माझ्या अक्षरात त्याच्या वहीत लिहून दिले होते.

साळवे पुढे झाले.

"दिवाणजी, तुमचं बरोबर आहे. नोंद खोटी होती. आता खरी करतो. मुक्काम एक दिवस वाढवायचा आहे. वाढवून मिळतो, असं पाटीवर आहे."

दिवाणजींना काही सुचण्यापूर्वी त्यांनी वही स्वतःकडे ओढली, टाक दौतीत बुडवला आणि लिहिले. साळव्यांचे अक्षर खिळ्यांसारखे सुटे आणि सरळ आहे. भिकाजी साळवे. पुणे. महार. मग त्यांनी वही फिरवून दिवाणजींपुढे ठेवली आणि खोलीच्या रकान्यावर बोट टेकले.

"नंबर घाला."

"खोली शिल्लक न्हाय."

आमच्या खोलीचे दार समोर उघडे होते. कुलूप कडीला लोंबत होते. चौकातली बिऱ्हाडे आता दारांत येऊन उभी राहिली होती.

"शिल्लक हाय की," पायरीवरून आबा म्हणाले.

"आबा, तुमी मदी पडू नगासा!"

"मी कुटं पडतोय? हाय त्ये सांगतोय. आत्ताच आपुन दोगांनी वळकट्या भाईर काडल्या. द्याची नसंल तर न्हाय म्हना. मी बी ह्येला भाकर दिली नसती म्हनून सांगितलं. पर तोंडावर सांगितलं. मुरगुडात खोली उगडी टाकून भरल्या म्हनत न्हाईत."

"तुमच्या मुरगुडाला धर्मशाळा तरी हाय काय?"

"न्हाय. म्हनून लबाडी बी न्हाय."

एक दोन माणसे हसली आणि लगेच गप्प झाली. साळवे हसले नाहीत. त्यांचे बोट अजून रकान्यावर होते.

"नंबर घाला, किंवा कारण सांगा," ते म्हणाले.

दिवाणजींनी चष्मा काढला. "महाराला खोली देत न्हाय. झालं समाधान?"

"झालं. शेऱ्याच्या रकान्यात लिहा."

"काय?"

"आत्ता बोललात ते."

दिवाणजींनी दौतीचे झाकण लावले. त्यांनी लिहिले नाही, आणि त्यांना पानही फाडता आले नाही. पानांवर क्रमांक होते, आणि त्या पानावर इतर प्रवाशांच्या नोंदी होत्या, आबांचीही. ती ओळ तिथे आहे. नाव, गाव, जात भरलेली. पुढचे दोन रकाने कोरे.

तिच्या वर काही ओळी सोडून माझी ओळ होती, आणि तिच्याखाली 'भिकाजी पवार, थोरले बंधू'. टाक अजून साळव्यांच्या हातात होता. मी म्हणालो, "साळवे, तो इकडे द्या. मी लिहिलेलं निदान मी खोडतो."

साळव्यांनी टाक मेजावर ठेवला, माझ्यापासून दूर, आणि वही मिटली.

"राहू द्या, पवार. तुम्ही ते खोडलंत की इथे काय झालं याचा तुमच्यापुरता निकाल लागला. माझ्या पोराला कधी इथे यावंसं वाटलं तर त्याला दोन्ही ओळी वाचता आल्या पाहिजेत."

दुपारच्या गाडीला अजून तास होता. मी चौकात जाऊन त्यांची वळकटी उचलायला वाकलो. त्यांनी माझा हात बाजूला केला, ती स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि स्टेशनाकडे चालू लागले. या वेळी आम्हाला कुणी टांगा विचारला नाही.